डिझेलला कंठ फुटावा म्हणून

पेट्रोल गाडीच्या मालकाला आपल्या गाडीचा आवाज चार लोकांनी ऐकावा असं वाटलं, तर ते समजू शकतं. तिच्याजवळ ऐकवण्यासारखं काहीतरी असतं. डिझेल गाडीची सगळी कटकट पुढे, बॉनेटखाली चालते. मागच्या पाइपातून बाहेर पडतो तो नुसता सुस्कारा. आमच्या भाच्याला नेमकी त्या मागच्या बाजूने डरकाळी हवी होती.

गाडी 2017ची पोलो जीटी टीडीआय. माहेर चाकण, पहिलं सासर भोसरी, सध्या मुक्काम कोथरूड. दीड लिटरचं इंजिन, कंपनीच्या कागदावर 110 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क. संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर यातले फार तर आठ-दहा घोडे कामाला लागतात, उरलेले मेट्रोच्या खांबाशी उभे राहून पेंगतात. तरीही भाच्याला घोडे कमी पडत होते. म्हणून त्याने रीमॅप करून घेतला.

रीमॅप म्हणजे कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतो, स्टिअरिंगखाली वायर खुपसतो आणि इंजिनाच्या संगणकातले तक्ते बदलतो. कुठल्या आरपीएमला किती डिझेल सोडायचं, केव्हा सोडायचं, टर्बोने किती दाब द्यायचा, सगळं त्या तक्त्यांत असतं. काम संपल्यावर त्या माणसाने ‘एकशेचाळीसच्या आसपास धरा’ असं सांगितलं. भाजीवाला वजन सांगताना ‘धरा’ म्हणाला तर आपण काट्याकडे बघतो. इथे भाच्याने डोळे मिटून धरले. पण गाडी पळायला लागली हे खरं. चांदणी चौकाच्या चढावर ती अशी सुटली, की मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या हातातली वडापावची पिशवी माझ्या छातीशी येऊन बसली.

आता खरं दुःख सुरू झालं. रीमॅप दिसत नाही. तीस नवे घोडे पदरचे पैसे मोजून घरात आणले, आणि शेजारच्या आजोबांना गाडी कालच्याइतकीच पांढरी दिसते. सिग्नलला बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाला कळायचं कसं, की आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत? काच खाली करून सांगता येत नाही. मग उरतो एक्झॉस्ट.

या लोकांच्या भाषेत या सगळ्या प्रवासाला टप्पे असतात. नुसता रीमॅप केला की स्टेज वन. एक्झॉस्ट बदलून त्यावर पुन्हा रीमॅप केला की स्टेज टू. टर्बोच बदलला की स्टेज थ्री. एका रात्री माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून मुलाला फोनवर बोलताना ऐकलं, “स्टेज वन सहा महिन्यांपूर्वीच झालं रे. आता स्टेज टू आहे. पैशांचं बघतोय. आईला अजून काही बोललो नाहीये.” ती गॅस तसाच ठेवून देवासमोर जाऊन बसली. नंतर खरा प्रकार कळला तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं, की एक्झॉस्टच्या निम्म्या पैशांना तिने जागच्या जागी मंजुरी दिली. भाच्याने हे मुद्दाम केलं असं मला अजूनही वाटतं.

पैसे आले म्हटल्यावर सल्ले आले. आपल्याकडे लग्न, गुडघा आणि सायलेन्सर या तीन विषयांवर सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही. पहिला सल्ला ठरलेला: “बॅक प्रेशर जाऊ देऊ नकोस. बॅक प्रेशर गेलं की गाडीचा दम जातो.” हे वाक्य मी किर्लोस्करवाडीपासून कणकवलीपर्यंत ऐकलेलं आहे. सांगणाऱ्याने ते त्याच्या मेकॅनिककडून घेतलेलं असतं, मेकॅनिकने उस्तादाकडून, उस्तादाने कुठल्यातरी जुन्या फटफटीच्या काळातून. टर्बो नसलेल्या इंजिनात पाइप फार रुंद केला तर धुराचा वेग मंदावतो, सिलिंडर रिकामा होताना त्या वेगाची जी ओढ मिळते ती जाते, आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. एवढं त्यात तथ्य. पण तो महिमा वेगाचा आहे, अडथळ्याचा नाही.

टर्बोत तर हा प्रश्नच वेगळा. आमच्या घरात कोणी बाहेर निघालं की आई त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी द्यायची. जातोच आहेस तर एवढं टाकून जा. टर्बो धुराशी हेच करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराला तो दारातच गाठतो आणि आपलं चाक फिरवायला लावतो. त्या चाकाच्या दांड्यावर दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त आली की डिझेल जास्त जाळता येतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून धूर फुकट बाहेर पडलेला नाही. चाकाच्या अलीकडे दाब भरपूर आणि पलीकडे कमीत कमी, एवढंच त्याला लागतं. म्हणजे टर्बोनंतरचा पाइप जितका मोकळा तितकं बरं. बॅक प्रेशरवाल्या काकांना हे समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “ते परदेशात असेल.”

पण या पिशवीच्या कामात धुराचा जोर बराच खर्च होतो. इंजिनातून सुटणारे धक्के टर्बाइनच्या पात्यांवर आपटून विस्कटतात, आणि पलीकडे निघतो तो वाऱ्याचा सूं आवाज. म्हणून टर्बो डिझेलचा सायलेन्सर काढून टाकला तरी त्यातून वाघ निघत नाही. निघते ती घरघर, वर टर्बोची बारीक शिट्टी. हे कोणी पोरांना सांगत नाही. ज्यांनी पैसे भरून ऐकलेलं असतं ते तर मुळीच सांगत नाहीत.

याचा सगळ्यात मोठा पुरावा फ्रान्समध्ये आहे. तिथल्या ल मां या गावी 24 तासांची मोटार शर्यत होते. 2006 साली ती पहिल्यांदा एका डिझेल गाडीने जिंकली: आउडी आर10 टीडीआय. बारा सिलिंडर, साडेपाच लिटर, दोन टर्बो, साडेसहाशेहून जास्त अश्वशक्ती. आणि बाजूने गेली तरी बाकीच्या गाड्यांच्या किंकाळ्यांत हिचा आवाज शोधावा लागे. वर तिच्या एक्झॉस्टमध्ये काजळी गाळणारे फिल्टर बसवलेले होते. पुढची दोन वर्षंही तीच जिंकली. म्हणजे ल मांसारखी शर्यत जिंकणारी डिझेल गाडी फिल्टर लावून, तोंड मिटून चोवीस तास धावली. आणि नऱ्ह्याच्या एका शेडमध्ये एक्झॉस्ट बनवून देणारा एक तरुण माझ्या भाच्याला शपथेवर सांगत होता, की फिल्टर ठेवला तर गाडीला श्वास घेता येत नाही. भाच्याच्या गाडीत तसला फिल्टर नाहीच, ते झंझट आपल्याकडे बीएस6बरोबर एप्रिल 2020मध्ये आलं. नसलेला फिल्टर काढायचे पैसे मात्र त्या तरुणाने सांगितले होते.

पुढे त्याच आउडीने एसक्यू5 नावाची डिझेल गाडी काढली. 313 अश्वशक्ती. तिला रुबाबदार आवाज द्यायचा होता. जर्मन अभियंत्यांनी मान खाली घालून कबूल केलं असावं, की हे पाइपाने होणारं काम नाही. मग त्यांनी एक्झॉस्टच्या जोडीला चक्क स्पीकरच्या जातीचं यंत्र बसवलं. इंजिन फिरतं तसा तो स्पीकर गुरगुरतो. आमच्याकडे गणपतीत ट्रॉलीवर चालतं ते त्यांनी गाडीच्या पोटात चालवलं. हे ऐकल्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मामा, तो स्पीकर वेगळा मिळतो का?” मिळतो. त्याची किंमत कळल्यावर विषय परत पाइपावर आला.

नऱ्ह्याच्या त्या शेडमध्ये मी त्याच्यासोबत गेलो, ते निव्वळ कुतूहल म्हणून. बाहेर दुभत्या म्हशी, आत दोन स्कोडा. मालक पंचविशीतला, हाताला काळं, बोलणं लोण्याचं.

“दादा, आवाज कसा पाहिजे? बेस पाहिजे का कडक?”

भाचा म्हणाला, “बेस. पण घरचे झोपलेले असताना नको.”

“होतंय की. पाइप अडीच इंची टाकू का तीन?”

इथे मी विचारलं, फरक काय. त्याने माझ्याकडे अत्यंत आदराने पाहिलं आणि उत्तर भाच्याला दिलं. “तीन इंची म्हणजे नंतर डोकेदुखी नाही. उद्या टर्बो मोठा केला तर?” उद्याची बेगमी करणारी माणसं आपल्याला आवडतात. घर बांधताना वरच्या मजल्याच्या सळया आपण पंधरा-पंधरा वर्षं उघड्या ठेवतो. तसं पाहिलं तर दीड लिटरच्या या इंजिनाला अडीच इंचातच घर पुरून उरतं, आणि तीन इंची नळकांडं मागच्या ॲक्सलवरून नेताना गतिरोधकावर काय होईल ते कोथरूडचे गतिरोधक माहीत असलेल्याने वेगळं सांगायला नको.

मग धातू. साध्या लोखंडाचा पाइप स्वस्त, पण आतून घाम आणि बाहेरून पावसाळा, दोन-तीन वर्षांत त्याची चाळण होते. 409 नावाचं स्टेनलेस स्टील कंपन्या स्वतः वापरतात. वरून तांबूस पडतं, पण टिकतं. 304 चकाकतं, महाग असतं आणि भांड्यांच्या दुकानातही तेच असतं. शेडवाल्याने दाखवलेल्या पाइपावर चुंबक लावून बघायचा सल्ला मी भाच्याला हळूच दिला होता. 304 सहसा चुंबकाला धरत नाही. चुंबक टपकन चिकटला. मालक जराही न डगमगता म्हणाला, “हा नमुना आहे दादा. माल वेगळा येतो.”

मग वळणं. पाइप वाकवायचे दोन मार्ग. आतून आधार देणाऱ्या मँड्रेल मशीनवर वाकवला तर वळणावरही तोंड गोलच राहतं. नुसता दाबून वाकवला तर वळणावर चपटा होतो, म्हणजे अडीच इंचाचे पैसे देऊन वळणावर दोनच इंच वाट मिळते. तिसरा आपला देशी मार्ग: पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, तापवायचं आणि दोघांनी मिळून ओढायचं. चांगल्या हाताचा कारागीर यात मशीनला लाजवतो. वाळू नंतर सगळी बाहेर काढली आहे ना, एवढं फक्त देवावर सोडायचं. जोडकामाला ‘आर्गन मारतो’ म्हणतात. टिगचं वेल्डिंग, शिवण बारीक आणि देखणी येते. त्या मुलाने मारलेल्या जोडाचा नमुना मी हातात घेऊन पाहिला, आणि खोटं कशाला बोला, तो सुंदर होता. बाकी सगळ्या थापांना तेवढ्या एका शिवणीने माफी द्यावीशी वाटली.

शेडच्या बाहेर एक पोलो उभी होती, तीन इंची सरळ पाइपाची, मध्ये काही नाही. आम्ही तीत बसून पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर चक्कर मारली. पहिल्या पाच मिनिटांत भाचा खूश. तळेगावपर्यंत तो गप्प. परतीच्या टोलनाक्यावर त्याने कपाळ चोळलं.

याला ही मंडळी ड्रोन म्हणतात. लग्नात डोक्यावर फिरतो तो नव्हे. हा डोक्याच्या आत फिरतो. हिशेब सोपा आहे. या मार्गावर गाड्यांना सपाटीवर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा. पोलोचा वरचा गिअर टाकून तेवढ्या वेगाने गेलं की इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरतं. चार सिलिंडर, चार स्ट्रोक: दर फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे सेकंदाला 67 धक्के. या जाडसर स्वराला गाडीची पोकळी नेमकी दाद देते. छत, काचा, डॅशबोर्ड, कवळी असली तर कवळी, सगळं एका सुरात घुमतं. ऐंशीने जा, आवाज नाही. एकशेवीसने जा, आवाज नाही, चलान येतं. कायद्याने ज्या वेगाने जायला परवानगी दिली आहे त्याच वेगाला तो स्वर लागतो.

यावर शेडवाल्याकडे इलाज होता. मुख्य पाइपाला बाजूने एक नळी जोडायची, जिचं दुसरं टोक बंद. आवाज त्या नळीत शिरतो, बंद तोंडावर आपटून परत येतो आणि येताना मूळ आवाजाच्या बरोबर उलटा होऊन त्याला खाऊन टाकतो. लांबी लाटेच्या पावपट लागते. गरम धुरात आवाज हवेपेक्षा बराच जोरात पळतो, त्यामुळे 67 धक्क्यांच्या सुरासाठी नळी दीड-पावणेदोन मीटर होते. एवढी लांब नळी गाडीखाली बसवायची म्हणजे तिला वळसा घालून आणावी लागते. हे शास्त्र पक्कं आहे, मोठ्या कंपन्याही वापरतात. माझ्या बहिणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आवाज आणायला एक पाइप, आणि तो घालवायला दुसरा पाइप. दोन्हींचे पैसे वेगळे?”

शेडवाला म्हणाला, “काकू, सेट घेतला तर कमी करू.”

कायद्याचं मी थोडक्यात सांगितलं, कारण भाच्याचा त्या विषयातला रस थोडक्यातच होता. कंपनीने दिलेल्या रूपात परवानगीशिवाय फेरफार केला तर 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर पहिल्या वेळेला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. बुलेटच्या पुंगळ्या काढून फिरणाऱ्यांचे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोड रोलर फिरवण्याचा पोलिसांचा कार्यक्रम आपण पेपरात बघतोच. रांगेत मांडलेली ती नळकांडी, मागे हारतुरे नसलेले अधिकारी. “पण मामा, तिथे कारचा एक्झॉस्ट कधी पाहिलास का?” भाच्याने विचारलं. नव्हता पाहिला. म्हणजे पोलिसांनाही तो ऐकू आलेला नाही, असा त्याचा अर्थ होतो, हे मी त्याला बोललो नाही.

धुराचं मात्र त्याने ऐकलं. पीयूसीवाला डिझेल गाडीच्या मागे नळी घालतो, ॲक्सलरेटर दाबायला लावतो आणि धूर किती अपारदर्शक ते मोजतो. बीएस4 गाडीला 1.62ची मर्यादा. रीमॅपमध्ये डिझेल वाढवलं आणि हवा त्या मानाने वाढली नाही, की न जळलेलं काळं होऊन बाहेर येतं. काळा धूर म्हणजे ताकद असं पोरांना वाटतं. ती ताकद असती तर गाडीत राहिली असती. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी दिलं: रीमॅप केलेल्या डिझेलला पैसे घालायचेच तर टर्बोला चिकटलेला पहिला तुकडा, डाउनपाइप, मोकळ्या वळणाचा कर, धूर साफ करणारा कन्व्हर्टर जागेवर ठेव, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर बघ. शेवटचा डबा हा दागिना आहे. त्याने गाडी दोन-चार घोड्यांपलीकडे हलत नाही.

त्याने अर्धं ऐकलं. कन्व्हर्टर राहिला. मधला पाइप अडीच इंची, मँड्रेल वळणांचा, आर्गनच्या शिवणीचा. शेवटी सरळ जाळीचा मफलर, आत काचलोकर भरलेली, आवाज शोषणारी. ड्रोन घालवायची बंद नळी रद्द झाली, कारण हा मफलर लावल्यावर घालवण्याइतका आवाजच उरला नाही. आणि मूळ पोलोचा पाइप बंपरखाली जमिनीकडे मान वळवून असतो, तिथे चार इंची, चकचकीत, दुहेरी तोंडाची टिप.

पहिल्या दिवशी त्याने मला आणि वॉचमनला गेटपाशी उभं केलं आणि गाडी गल्लीतून जोरात आणली. थांबून काच खाली केली. “आला?”

“आला ना साहेब,” वॉचमन मनापासून म्हणाला, “पार छातीत घुमला.” तेवढ्यात त्याच्या मागून खडीचा डंपर वळला.

टिप मात्र सगळ्यांना दिसली. सेक्रेटरींना दिसली, शेजारच्या आजोबांना दिसली, त्यांनी वाकून दोन्ही भोकांत पाहिलं आणि “गाड्या दोन आहेत का आत?” असं विचारलं. पण डिझेल ते डिझेल. आठवड्याच्या आत टिप आतून कोळसा आणि कडांना तपकिरी झाली. मूळ पाइपाची मान खाली का होती, ते तेव्हा कळतं. भाच्याने महागडं पॉलिश मागवलं, ते संपलं. मग शनिवारी बहिणीने देवाची भांडी घासायला काढली तेव्हा तो हळूच खाली गेला, टिपचा स्क्रू सोडवून वर घेऊन आला आणि समई, निरांजन आणि पळी-पंचपात्राच्या शेजारी ठेवून दिली.

तिने पितांबरीचा हात न थांबवता वर पाहिलं.

“चिंच लागेल याला,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळी सोवळ्यात आण.”